काका, एक सही हवी होती

घर विकून तीन-चार महिने झाले की मेसेज येतो. 'काका, बरे आहात ना? एक सही हवी होती.' खाली नमस्काराचे दोन हात. ही एक सही सहसा एकटी येत नाही. सोसायटीचा अर्ज, वीजबिलावरचं नाव, पाइप गॅसची ठेव, बँकेला हवं असलेलं कसलंसं पत्र अशी सगळी वरात तिच्या मागे उभी असते. विकणारा वैतागतो, की दस्त झाला, पैसे पोचले, ताबा दिला, आता माझं काय उरलंय? घेणाराही हौसेने विचारत नसतो. त्याला कुठल्या तरी खिडकीवरून 'आधीच्या मालकाचं आणा' म्हणून परत पाठवलेलं असतं.

आपल्याकडे दस्त नोंदवला जातो एका ठिकाणी आणि मालकाचं नाव असतं पाच-सहा ठिकाणी, इथून सगळं सुरू होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवलं, तरी सोसायटीच्या सभासद नोंदवहीत, महावितरणच्या ग्राहक खात्यात, महापालिकेच्या कर आकारणीत, गॅस कंपनीच्या यादीत आणि काही वेळा मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, जुनंच नाव राहतं. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळे जोडपत्र. माझं मत असं, की यातल्या निम्म्या मागण्यांना विकणाऱ्याची गरजच नसते, काहींना फक्त त्याचीच असते, आणि एखाद-दुसरी सरळ नाकारण्यासारखी असते. अडचण होते ती सगळ्यांना एकच उत्तर दिल्याने. काहीजण येईल त्यावर सही करतात, काहीजण फोनच उचलत नाहीत. दोन्ही महागात पडतं.

गरज नसलेल्या मागण्या आधी बाजूला काढू. 'काका, इंडेक्स टू पाठवता का?' ही त्यातली सगळ्यात नेहमीची. सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा एक पानी गोषवारा, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये कोणालाही शोधता येतो. दस्ताची पूर्ण नक्कल हवी असेल तर अर्ज आणि शुल्क भरून संबंधित कार्यालयातून मिळते. लागतं काय, तर कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष. हे तिन्ही दस्ताच्या पानापानावर छापलेलं असतं. पुण्याकडच्या हवेली तालुक्यातल्या दस्तावर 'हवल', पुढे कार्यालयाचा आकडा, दस्त क्रमांक आणि साल. एवढी एक ओळ पाठवली की घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहतो. जुनी साखळी, म्हणजे बिल्डरकडून पहिला करार, मग दुसरी विक्री, मग तुमची खरेदी, याचेही क्रमांक एका कागदावर लिहून ताबा देतानाच द्यावेत. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने जमिनीची मालकी करून दिली नाही तर सोसायटीने सरकारकडून ती मिळवणं) किंवा पुनर्विकास निघाला की सोसायटी प्रत्येक सदनिकेची ही साखळी मागते, आणि तेव्हा घर विकून दहा वर्षं झालेल्या माणसाचा नंबर शोधला जातो.

मूळ कागदांबद्दल मात्र घेणाऱ्याचा हक्क पक्का आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे पूर्ण किंमत चुकती झाली की विकणाऱ्याच्या हातात असलेले मालकीचे सगळे कागद खरेदीदाराचे. तेव्हा 'मूळ करार आठवण म्हणून ठेवला' हे चालत नाही. स्कॅन जरूर ठेवावा. त्याची गरज आयकरासाठी लागणारच आहे.

आता सोसायटी, जिथे खरोखर विकणाऱ्याची सही लागते. भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हातात घेऊन उलटं करून बघा. पुढच्या बाजूला नाव, भागांची संख्या, प्रत्येकी ५० रुपयांचे पाच किंवा दहा भाग, गोल शिक्का. मागच्या बाजूला रकाने आखलेले असतात: हस्तांतरणाचा अनुक्रमांक, ज्या सभेत ते मंजूर झालं तिची तारीख, कोणाला हस्तांतरित केलं, देणाऱ्याचा भाग नोंदवहीतला क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, आणि खाली अध्यक्ष, सचिव व एका समिती सदस्याच्या सह्या. नवीन प्रमाणपत्र देत नाहीत. याच पाठीवर पुढची ओळ भरली जाते. पुष्कळ घरांत आधीच्या खरेदीची ओळच भरलेली नसते. म्हणजे पुढे अजून तिसऱ्याच माणसाचं नाव, मागे कोरं. विकणाऱ्याने घर घेतलं तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, आणि आता नव्या खरेदीदाराच्या बँकेने बोट ठेवलं. हे निस्तरायला जुन्या ठरावाची तारीख शोधावी लागते, आणि ते इतिवृत्ताचं पुस्तक सचिव बदलताना कुणाच्या माळ्यावर गेलं हे देव जाणे. घर विकायला काढण्याआधी ही पाठ तपासणं पाच मिनिटांचं काम आहे.

हस्तांतरणाची रीत आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दिलेली आहे. विकणारा सोसायटीला पंधरा दिवसांची लेखी सूचना देतो, सोबत घेणाऱ्याचं संमतीपत्र. मग हस्तांतरणाचा अर्ज, घेणाऱ्याचा सभासदत्वाचा अर्ज, मूळ भाग प्रमाणपत्र, नोंदणीकृत दस्ताची प्रत, ५०० रुपये हस्तांतरण शुल्क, १०० रुपये प्रवेश फी, आणि अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. हे अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये, असं राज्य सरकारने २००१ मध्येच ठरवून दिलं आहे. 'सोसायटी फंडाला स्वेच्छा देणगी' या नावाखाली त्यावर जे मागितलं जातं ते स्वेच्छेने द्यायचं का, हे आपापलं ठरवावं. मी देणार नाही. अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला उपविधींनुसार बंधनकारक नाही, पण कर्ज देणारी बँक तो मागते, म्हणून सगळेच घेतात. काम झालं की समितीच्या ठरावाचा क्रमांक आणि आय व जे नमुन्यातल्या नोंदीचा उतारा मागून घ्यावा. आय ही सभासद नोंदवही, जे ही सभासदांची यादी. जे मध्ये तुमचं नाव राहिलं तर सभेच्या सूचना, प्रसंगी वसुलीची नोटीससुद्धा, तुमच्या नावाने निघते.

हे सगळे अर्ज खरेदीखताच्या दिवशीच सही करून द्यावेत. तारखेची जागा कोरी ठेवायची गरज नाही. दस्ताच्या दिवसाचीच तारीख टाकावी. एक पाकीट, त्यात सोसायटीचे अर्ज, वीज आणि गॅसची संमती, करनोंदीसाठी लागली तर आधीच्या मालकाची संमती, आणि वर आतल्या कागदांची यादी. घेणाऱ्याकडून यादीच्या प्रतीवर पोच. पुढचे बरेचसे 'काका' मेसेज या पाकिटातच मिटतात. (अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर भाग प्रमाणपत्र नसतंच, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट हा मुख्य कागद आणि असोसिएशनकडे नावनोंद. पुण्यात अशा इमारती खूप, आणि तिथेही लोक शेअर सर्टिफिकेट मागत बसतात.)

भाग प्रमाणपत्र हरवलं म्हणून दुय्यम प्रत काढायला निघण्याआधी बँकेत विचारावं. गृहकर्ज घेताना ते मूळ करारासोबत बँकेत जमा झालेलं असतं आणि कर्ज फिटल्यावर कागद परत घेताना यादी कोणी ताडून बघितलेली नसते. कर्ज देताना बँकेने दिलेली जमा कागदांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात, तीच पुरावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बोजा उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या प्रकरणांना लागू आहे. कागद बँकेकडून गहाळ झाले असतील तर नकला काढून देण्याचा खर्चही बँकेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

बोजा उतरवणं म्हणजे नुसतं 'नो ड्यूज' पत्र नव्हे. तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत (CERSAI), बँकेने तारण नोंदवलेलं असतं, ते तिनेच काढायचं. मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचं नाव चढलं असेल तर बँकेचं पत्र घेऊन भूमि अभिलेख किंवा तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. ते आपोआप उतरत नाही. खरेदीदाराला दोन वर्षांनी स्वतःचं कर्ज दुसऱ्या बँकेत वळवायचं असतं, तिथला वकील शोध घेतो, सरसाईत तुमचं फिटलेलं कर्ज जिवंत दिसतं, आणि फोन वाजतो. ही मागणी टाळू नये. कर्ज तुमचं होतं, बँक तुमचंच पत्र मानते.

आयकराच्या बाबतीत पाठलागाची दिशा उलटते; इथे विकणारा मागे लागतो. मोबदला किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा, ही १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९४-आयएची तरतूद. कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूबीने तो भरायचा, आणि त्या मुदतीनंतर १५ दिवसांत विकणाऱ्याला कर कापल्याचा दाखला, फॉर्म १६बी, द्यायचा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने पुढच्या व्यवहारांना कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे, पण कापून भरण्याचं तत्त्व तेच. गडबड होते ती इथे: नवरा-बायको दोघे विकणारे आणि दोघे घेणारे असतील तर जोडी-जोडीने चार फॉर्म भरायचे असतात. घेणारा एकच भरतो, सगळा कर एका पॅनवर जमा होतो, दुसऱ्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, शून्य. पॅनचं एक अक्षर चुकलं तर पैसे तिसऱ्याच्या खात्यात दिसतात. दुरुस्ती आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर २६क्यूबी भरणाऱ्यालाच करता येते, विकणाऱ्याला नाही, आणि काही बदलांना समोरच्याची मंजुरीही लागते. म्हणून शेवटचा धनादेश घेतानाच २६क्यूबीची पोच बघून घ्यावी आणि पुढच्या महिन्यात २६एएस उघडून ताडावं. उलट बाजूने घेणाऱ्याचाही एक हैराण फोन येऊ शकतो: तुमचा पॅन आधारशी जोडलेला नव्हता, त्यामुळे एक टक्क्याऐवजी २० टक्क्यांच्या हिशेबाने त्याला नोटीस आली. हे खरं आहे, आणि ते तुम्हीच सुधारू शकता.

वीजबिलाचं नाव बदलताना महावितरणला तुमच्याकडून हवं असतं ते सुरक्षा ठेवीबद्दल. ती नव्या नावावर वळवायला संमती दिली तर ठेवीचे पैसे खरेदीदाराकडून वेगळे घ्यायला विसरू नये. संमती नसेल तर त्याने नवी ठेव भरायची आणि जुनी तुम्हाला परत मागायची. रक्कम फार नसते, पण भांडण याच रकमेवरून होतं. ताब्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो, बारा आकडी ग्राहक क्रमांकासह, दोघांच्या फोनमध्ये असावा. पाइप गॅसला ठेवीची मूळ पावती आणि तशीच संमती. मालमत्ता कराचं नाव बदलायला मात्र सूची दोन आणि थकबाकी नसल्याची पावती पुरते बहुतेकदा. पुण्यात एक वेगळी मेख आहे: स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत मिळते, तिच्यासाठी पीटी-३ अर्ज. तुम्ही घर भाड्याने दिलेलं असताना सवलत चालू राहिली असेल, तर फरकाचं बिल नंतर त्या मिळकतीवर निघू शकतं आणि ते नव्या मालकाच्या दारात पडतं. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक कर विकणाऱ्याचे, हेही कलम ५५ च सांगतं. अशा बिलावर वाद घालू नये; कालावधी तपासावा आणि आपल्या वाट्याचं भरावं.

ओटीपीची मागणी इथूनच निघते. 'काका, तुमच्या नंबरवर सहा आकडे आले असतील, सांगता का?' वीज, गॅस, सोसायटीचं ॲप, सगळीकडे जुना मोबाइल जोडलेला असतो. सांगू नये. त्याऐवजी नंबर बदलाचा अर्ज करून टाकावा. प्रश्न त्या खरेदीदाराच्या सचोटीचा नाही. एकदा सांगायची सवय लागली की पुढचा फोन कोणाचा आहे हे ओळखणं कठीण.

सगळ्यात जड मागणी चूक दुरुस्तीची. सूची दोनची प्रत घेऊन तिचे रकाने खरं म्हणजे नोंदणीच्या दिवशीच, कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून वाचावेत. चौथ्या रकान्यात भू-मापन, पोटहिस्सा व घरक्रमांक. पाचव्यात क्षेत्रफळ. सातव्यात करून देणाऱ्यांची नावं, आठव्यात करून घेणाऱ्यांची. चुका याच चार रकान्यांत सापडतात. ७०० चौरस फूट म्हणजे ६५.०३ चौरस मीटर, तिथे ६०.५३ टंकलेलं. सिटी सर्व्हे नंबरातला 'अ' गळालेला. विकणारीचं लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी, नंतरचं दुसऱ्या. चूक फक्त सूचीत असेल आणि मूळ दस्तात बरोबर असेल, तर दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून सूची सुधारते. त्याला विकणाऱ्याची हजेरी लागत नाही. चूक दस्तातच असेल तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, आणि त्यावर मूळ दस्तातल्या सगळ्या पक्षकारांनी सही करायची, साक्षीदारांसह, फोटो आणि अंगठ्यासह, पुन्हा त्याच रांगेत. पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारी बरीच कामं ऑक्टोबर २०२४ पासून ५०० वर गेली, पण खर्चाचा खरा भार मुद्रांकाचा नसून माणसं गोळा करण्याचा आहे. तीन भावांनी मिळून वडिलांचा फ्लॅट विकला असेल तर तिघेही हवेत: एक नाशिकला, एक सिंगापूरला, आणि एकाशी धाकट्याचं आता बोलणं नाही. दरम्यान कोणी वारलं तर त्याचे वारस उभे करावे लागतात. म्हणून ही सही मागितली की उद्यावर ढकलू नये. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे आपणच खरं करून दाखवायचं कारण नाही.

दुरुस्तीचा मसुदा मात्र नीट वाचावा. दुरुस्ती म्हणजे मूळ शब्द आणि त्या जागी वाचावयाचा शब्द, इतकंच. त्यात नवं क्षेत्र, नवी गच्ची किंवा 'सोबत एक बंद पार्किंग' असं काही घुसलं असेल तर ती दुरुस्ती राहत नाही. ते नवं हस्तांतरण झालं आणि त्यावर मुद्रांक शुल्काचा प्रश्नही येतो. पार्किंगबद्दल तर फारच सांभाळून. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केलं, की इमारतीखालची स्टिल्टमधली, म्हणजे तळाच्या खांबांमधली, जागा ही सामाईक. बिल्डर ती सदनिकेसारखी वेगळी विकू शकत नाही. तुम्हाला सोसायटीने जागा वाटून दिली असेल तर तेवढंच लिहावं: अमुक सभेच्या ठरावाने अमुक जागा वापरासाठी होती. 'मी पार्किंग विकलं आहे' असं पत्र मागितलं तर नाही म्हणावं, कितीही गोड बोलून मागितलं तरी.

नाही म्हणण्यासारखा दुसरा कागद म्हणजे मोकळं हमीपत्र. खरेदीदाराच्या बँकेचा छापील नमुना येतो: 'सदर मिळकतीबाबत भविष्यात उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याची संपूर्ण नुकसानभरपाई मी व माझे वारस देऊ.' मालकी निर्वेध असल्याची हमी खरेदीखतात आधीच दिलेली असते, आणि ती पुरेशी आहे. काही द्यायचंच झालं तर विषय, कालावधी आणि रकमेची मर्यादा घालून द्यावं: विक्रीच्या तारखेपर्यंतची सोसायटीची थकबाकी, इतकंच. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत, आणि तिच्यावर आडवी सही करून 'फक्त अमुक कामासाठी' व तारीख.

परदेशात असलेल्या विकणाऱ्याला हे सगळं कुलमुखत्यारपत्रातून करावं लागतं, आणि तिथे नेमकी चूक अशी होते, की ते पत्र फक्त 'विक्री व नोंदणी' पुरतं लिहिलेलं असतं. दुरुस्ती पत्र, सोसायटीचे अर्ज, बँकेकडून कागद घेणं, ठेवी परत घेणं, हे शब्द त्यात नसतात, म्हणून पुण्यातला मावसभाऊ हातात पत्र असूनही खिडकीवरून परत येतो. पत्र वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (त्या देशाच्या सरकारचा प्रमाणशिक्का) घेऊन पाठवावं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. सगळ्या नोंदी झाल्या की पत्र लेखी रद्द करून मूळ प्रत परत मागवावी.

स्वतःच्या फायलीत काय ठेवायचं हे भांडवली नफ्याच्या हिशेबावरून ठरतं. खरेदीच्या दस्ताची प्रत, त्या वेळच्या मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, मोठ्या कामांची बिलं, दलालीची पावती, विक्रीचा दस्त, १६बी. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांशी तुलना करू शकते. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ च्या मूल्याचा अहवाल मूल्यमापकाकडून घेतलेला असावा. रोखे घेऊन नफा वाचवला असेल तर विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घेतल्याचा दाखला. पन्नास लाखांच्या वरच्या न दाखवलेल्या उत्पन्नाचा संशय आला तर कर-निर्धारण वर्ष संपल्यानंतर सव्वापाच वर्षांपर्यंत जुनं विवरण उघडता येतं. तोवर फाइल रद्दीत जाऊ नये. खरेदीदाराने दिलेली त्या पाकिटाची पोचही याच फायलीत ठेवावी, मीटरच्या फोटोच्या छापील प्रतीसकट.